ज्यांचं म्हणणं पटत नाही, त्यांच्या सुनावणीत काय करायचं?

प्रश्न थोडक्यात: पत्र लिहिणाऱ्या बाई एका विद्यापीठात सहायक प्राध्यापक आहेत. नोकरी अजून प्रोबेशनवर आहे. विद्यार्थ्यांनी आयोजित केलेला चर्चेचा कार्यक्रम प्रशासनानं आदल्या संध्याकाळी रद्द केला. दुसऱ्या दिवशी काही मुलं ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर जमली. त्यांनी घोषणा दिल्या, भाषणं केली आणि कुलगुरूंचं एक बोचरं व्यंगचित्र भिंतीवर लावलं. तिसऱ्या दिवशी काही जणांनी प्रशासकीय इमारतीचं दार तासभर अडवून धरलं. आत अडकलेल्यांत एक गरोदर कर्मचारी होत्या. त्यानंतर सहा विद्यार्थ्यांना कारणे दाखवा नोटीस गेली. ‘विद्यापीठाची प्रतिमा मलिन केली व शैक्षणिक वातावरण बिघडवले’ एवढंच तिच्यात लिहिलं आहे, दाराचा उल्लेख नाही. तीन जणांच्या शिस्त समितीत या बाईंचं नाव आहे, आणि अहवाल एकमतानं जावा असं विभागप्रमुखांनी सुचवलं आहे. त्या विचारतात : ‘मला या मुलांची भूमिका अजिबात पटत नाही. ते चित्र पाहून किळस आली. याच गटानं गेल्या वर्षी एका पाहुण्या वक्त्याला आरडाओरडा करून बोलू दिलं नव्हतं. त्यांच्या अभिव्यक्तिस्वातंत्र्यासाठी मी नोकरी का पणाला लावू? तटस्थ राहून सही केली तर काय बिघडलं?’

प्रिय ताई,

व्यंगचित्राबद्दल तुम्ही जवळजवळ पानभर लिहिलं आहे. त्यातला चेहरा, खाली लिहिलेली ओळ, ते कोणत्या भिंतीवर होतं, बघून तुम्हाला कसं वाटलं, सगळं त्यात आहे. दार अडवल्याबद्दल मात्र दीड वाक्य. आत अडकलेल्या त्या कर्मचारी बाईंची नंतर कुणी विचारपूस केली का, त्यांनी तक्रार केली का, हे पत्रात कुठेच नाही. नोटिशीतही तसंच झालेलं दिसतं. हे सगळ्यात आधी सांगावंसं वाटलं, कारण या प्रकरणात एखाद्या माणसाला प्रत्यक्ष त्रास झाला असेल तर तो त्या दारापाशी झाला. चित्रानं कुणाची वाट अडवली नव्हती.

‘मला त्यांची भूमिका पटत नाही’ हे वाक्य तुमच्या पत्रात पुन्हा पुन्हा येतं. ते वाचताना असं वाटतं, की मुलांचं म्हणणं बरोबर की चूक हे ठरवल्याशिवाय पुढे जाताच येणार नाही, असं तुम्ही धरून चालला आहात. पण समितीपुढे तो प्रश्नच नाही. कोणत्या विद्यार्थ्यानं नेमकं काय केलं, त्यानं आधीपासून लागू असलेला कोणता नियम मोडला आणि मोडला असेल तर त्याला साजेशी शिक्षा कोणती, एवढंच समितीनं पाहायचं असतं. रद्द झालेला कार्यक्रम व्हायला हवा होता की नव्हता, यावर तुमचं आणि त्या मुलांचं टोकाचं भांडण असू शकतं. ते भांडण वर्गात करा, लेख लिहून करा, मुलांना समोर बसवून करा. सुनावणीच्या टेबलावर ते आणू नका.

मोघम नोटीस काय करते, याचं एक जुनं उदाहरण सांगते. 1960 च्या फेब्रुवारीत अमेरिकेत मॉन्टगोमेरी शहरात अलाबामा स्टेट कॉलेजचे कृष्णवर्णीय विद्यार्थी तिथल्या न्यायालयाच्या इमारतीतल्या, गोऱ्यांसाठी राखलेल्या उपाहारगृहात जाऊन बसले. नंतरच्या दिवसांत शहरात निदर्शनं झाली. कॉलेजनं नऊ जणांना काढून टाकलं. आधी आरोप सांगितला नाही, बाजू मांडू दिली नाही. त्यांना जे पत्र गेलं त्यात नेमकं कारणसुद्धा नव्हतं, कॉलेजपुढच्या ‘या समस्ये’चा नुसता उल्लेख होता. प्रकरण न्यायालयात गेलं तेव्हा निर्णय घेणाऱ्या मंडळाच्या सदस्यांनी वेगवेगळी कारणं सांगितली. म्हणजे शिक्षा एकमतानं आणि कारण ज्याचं त्याचं! 1961 मध्ये अपील न्यायालयानं निकाल दिला, की सरकारी पैशावर चालणाऱ्या कॉलेजातून विद्यार्थ्याला काढायचं तर आधी आरोप कळवला पाहिजे आणि म्हणणं मांडायची संधी दिली पाहिजे. डिक्सन खटला म्हणून तो ओळखला जातो. त्या नऊ जणांच्या नोंदींवरची ती कारवाई राज्यानं अधिकृतपणे पुसली तेव्हा 2018 साल उजाडलं होतं. विशीतली ती मुलं तोवर सत्तरी ओलांडून गेली होती.

तुमच्यासमोरची नोटीस अलाबामाच्या त्या पत्राशेजारी ठेवून बघा. ‘प्रतिमा मलिन केली’ याला मुलांनी उत्तर काय द्यायचं? कुणाच्या नजरेतली प्रतिमा, कोणत्या कृतीनं, कोणत्या दिवशी? ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर उभं राहणं की चित्र चिकटवणं की दार अडवणं? सहाही जण तिन्ही ठिकाणी होते का? एखादी मुलगी फक्त पायऱ्यांवर भाषण करून घरी गेली असेल, तर दार अडवल्याचा राग तिच्यावर निघणार का? हे प्रश्न तुम्ही समितीत विचारलेत म्हणून तुम्ही मुलांच्या बाजूच्या ठरत नाही. ते न विचारता अहवाल लिहिलात, तर तो पहिल्याच अपिलात कोसळू शकतो. विभागप्रमुखांशी याच भाषेत बोला.

आता त्या चित्राकडे येऊ, कारण तुम्ही खरोखर दुखावल्या गेल्या आहात आणि ते मी हलकं मानत नाही. 1973 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे मिसूरी विद्यापीठाचं प्रकरण आलं होतं. पत्रकारितेच्या एका पदव्युत्तर विद्यार्थिनीनं आवारात एक वृत्तपत्र वाटलं. त्यातलं राजकीय व्यंगचित्र आजही बहुतेकांना सहन होणार नाही इतकं ओंगळ होतं, एका मथळ्यात शिवी होती. विद्यापीठानं तिला काढून टाकलं. न्यायालयानं ते रद्द ठरवलं. सरकारी विद्यापीठाच्या आवारात एखादा विचार कितीही अभिरुचीहीन वाटला, तरी निव्वळ सभ्यतेच्या नावाखाली तो बंद करता येत नाही, असा त्या निकालाचा आशय आहे. किळस ही खरी भावना आहे, पण शिक्षेचा आधार म्हणून ती पुरत नाही.

कुलगुरू हे सत्तेचं पद आहे, आणि त्या पदावरच्या माणसावर होणारी टीका बोचरी असणारच. मात्र त्या चित्रात धमकी असेल, किंवा कुलगुरूंच्या निर्णयाऐवजी त्यांच्या जन्मावर, धर्मावर, शरीरावर घाणेरडा हल्ला असेल, तर गोष्ट वेगळी होते. तसंच एखाद्या सामान्य विद्यार्थ्याला किंवा कर्मचाऱ्याला हेरून त्याचा रोज छळ केला, तर ती अभिव्यक्ती म्हणून सोडून देता येत नाही. तुम्ही केलेल्या वर्णनावरून हे चित्र त्यातलं वाटत नाही, पण मी ते पाहिलेलं नाही, तुम्ही पाहिलं आहे. पुन्हा एकदा शांतपणे बघा आणि स्वतःला विचारा : यात मला काय आवडलं नाही, आणि यात कुणाला काय इजा झाली? पहिल्या प्रश्नाची उत्तरं बाजूला ठेवा.

भारतातल्या सर्वोच्च न्यायालयानं 2015 मध्ये श्रेया सिंघल खटल्यात माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं, ऑनलाइन ‘आक्षेपार्ह’ मजकुराला शिक्षा देणारं कलम 66अ रद्द केलं, तेव्हा एक फरक फार स्पष्ट करून ठेवला. एखाद्या विषयाची चर्चा करणं, त्याचा पुरस्कार करणं आणि चिथावणी देणं या तीन निराळ्या पायऱ्या आहेत. पहिल्या दोन्ही अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या गाभ्यात येतात, मग ते म्हणणं कितीही अप्रिय असो. मर्यादा घालण्याचा प्रश्न येतो तो चिथावणीपाशी. पायऱ्यांवर झालेल्या भाषणांचे व्हिडिओ असतील तर ते या तीन पायऱ्या डोळ्यासमोर ठेवून ऐका. रागावलेलं, एकांगी, अतिशयोक्त भाषण हे बहुतेक वेळा दुसऱ्याच पायरीवर असतं.

‘वातावरण बिघडवलं’ या आरोपाचंही तसंच. गडबड होईल अशी धास्ती वाटणं आणि खरोखर तास बंद पडणं यात अंतर आहे. व्हिएतनाम युद्धाच्या निषेधात दंडाला काळी फीत बांधून शाळेत आलेल्या मुलांना घरी पाठवलं गेलं होतं, अमेरिकेतल्या त्या टिंकर खटल्यात 1969 मध्ये हेच ठरलं : नुसत्या मोघम भीतीवर मुलांचं बोलणं थांबवता येत नाही, शाळेच्या कामात खरा अडथळा आला किंवा तो येईल असं मानायला ठोस कारण होतं हे दाखवावं लागतं. त्या दिवशी ग्रंथालय चालू होतं का? परीक्षा होती का? आवाजामुळे कोणता तास घेता आला नाही? हजेरीपटावरून हे कळेल.

हे निकाल आपापल्या देशातले आहेत आणि बहुतांशी सरकारी संस्थांना लागू होणारे. तुमच्या विद्यापीठाला कोणते कायदे आणि नियम बांधतात, हे तिथल्या वकिलाकडून समजून घ्या. मी ते सांगते आहे ते त्यांच्यामागची विचार करायची पद्धत उचलता यावी म्हणून.

दाराच्या बाबतीत मात्र नरमाई दाखवू नका. माणसं आत कोंडली जाणं हा मताचा प्रश्न नाही. अभिव्यक्तिस्वातंत्र्याची बाजू घेणारे पुष्कळ लोक इथे गडबडतात आणि आंदोलनात घडलेलं सगळंच एका पांघरुणाखाली घेतात. त्यानं त्या स्वातंत्र्याचंच नुकसान होतं. त्या कर्मचारी बाईंना बोलवा, त्यांचं म्हणणं सविस्तर नोंदवा. दारापाशी कोण होतं, कॅमेऱ्याचं चित्रण आहे का, बाहेर जाऊ द्या असं कुणी सांगितलं होतं का आणि त्यावर मुलं काय म्हणाली, हे शोधा. जे खरोखर तिथे होते त्यांच्यावर तो आरोप स्वतंत्रपणे, नव्या नोटिशीत, तारीख-वेळेसह ठेवा. दोष सिद्ध झाला तर शिक्षा द्या, पण बेताची : लेखी ताकीद, त्या बाईंची प्रत्यक्ष माफी, काही काळ कार्यक्रमांच्या आयोजनावर बंदी. तासभराच्या अडवणुकीसाठी परीक्षेला बसू न देणं किंवा वसतिगृहातून काढणं म्हणजे एका दिवसाच्या चुकीसाठी वर्ष हिरावणं.

आता तुमच्या पत्रातला सगळ्यात कठीण मुद्दा. याच गटानं गेल्या वर्षी एका वक्त्याला बोलू दिलं नाही. तुमचा राग मला पटतो. वक्त्याला ओरडून गप्प करणं हा निषेधाचा भाग आहे असं काही जण मानतात. मी मानत नाही. त्यात वक्त्याचा हक्क जातोच, शिवाय ऐकायला आलेल्या प्रत्येकाचा जातो, आणि त्यातले काही जण विरोधी प्रश्न विचारायलाच आलेले असतात. सभागृहाबाहेर फलक घेऊन उभं राहावं, शांतपणे उठून जावं, प्रश्नोत्तरात सोलून काढावं, दुसऱ्या दिवशी प्रतिसभा घ्यावी. एवढे मार्ग असताना दुसऱ्याचा आवाज दाबणं अन्याय आहे, आणि तो करणाऱ्यांना तसं तोंडावर सांगायला हवं. त्या वेळी तक्रार झाली असती, तर तिची चौकशीही व्हायला हवी होती.

पण तेव्हा न झालेली चौकशी आता या प्रकरणात उरकता येणार नाही. बोलण्याचा हक्क हे चांगल्या वागणुकीचं बक्षीस असतं, तर तो पहिल्यांदा कुणाचा काढून घ्यायचा हे ज्याच्या हाती शिक्का आहे तोच ठरवत राहिला असता. आणि या वर्षी तुमच्या सहीनं ‘प्रतिमा मलिन करणे’ हा शिक्षापात्र गुन्हा ठरला, की तो शब्दप्रयोग फायलीत राहतो. पुढच्या वर्षी प्रशासन बदलेल, वारा फिरेल, आणि तीच ओळ तुम्हाला जवळच्या वाटणाऱ्या मुलांवर लागेल. वेतनाबद्दल पत्रक काढणाऱ्या शिक्षकांवरही लागू शकेल. गेल्या वर्षीच्या घटनेचा उपयोग करायचाच असेल तर या सहा जणांशी चौकशी संपल्यावर, शिक्षेची टांगती तलवार नसताना बोला. ‘तुमचा कार्यक्रम रद्द झाला तेव्हा तुम्हाला जे वाटलं, तेच त्या दिवशी सभागृहात बसलेल्यांना वाटलं होतं’ हे तुमच्या तोंडून त्यांनी ऐकायला हवं. तुम्ही त्यांच्या विरोधी मताच्या आहात आणि तरीही नीट वागलात, म्हणून तुमचं ते ऐकतील अशी शक्यता इतर कुणापेक्षा जास्त आहे.

तटस्थ राहण्याबद्दल तुम्ही लिहिता ते थोडं तपासू या. शिकागो विद्यापीठाच्या एका समितीनं 1967 मध्ये काल्व्हेन अहवाल म्हणून ओळखलं जाणारं छोटंसं टिपण तयार केलं. विद्यापीठानं संस्था म्हणून सामाजिक-राजकीय वादांत बाजू घेऊ नये, असं त्यात म्हटलं आहे. पण का? तर आतल्या प्रत्येक शिक्षकाला आणि विद्यार्थ्याला मोकळेपणानं बाजू घेता यावी म्हणून. विद्यापीठ हे टीकाकारांचं घर आहे, ते स्वतः टीकाकार नाही, असा त्याचा विचार आहे. संस्थेनं गप्प राहायचं ते माणसांना बोलता यावं यासाठी. तुमच्याकडे उलटं चाललं आहे : संस्था आपल्या प्रतिमेसाठी कारवाईला उतरली आहे आणि तुम्ही, एक शिक्षक, गप्प राहण्याचा विचार करता आहात. सहीला तटस्थता नसते. अहवालाखाली तीन नावं असतील आणि त्यातलं एक तुमचं असेल, तर त्यातली शिक्षा तुम्ही दिलेली असेल.

शिक्षकांनी ठामपणे पुढे येण्याचं एक उदाहरण मला फार महत्त्वाचं वाटतं. 1 ऑक्टोबर 1964 रोजी कॅलिफोर्नियातल्या बर्कलेच्या विद्यापीठात टेबल मांडून प्रचार करणाऱ्या एका माजी विद्यार्थ्याला पोलिसांनी पकडलं आणि मुलांनी त्या पोलिसगाडीभोवती बैठक मारली. गाडी सुमारे 32 तास जागची हलू शकली नाही. मारिओ सॅव्हिओ नावाचा विद्यार्थी गाडीच्या टपावर भाषणाला चढला, तेव्हा टप खराब होऊ नये म्हणून त्यानं बूट काढून ठेवले होते. पुढे दोन महिने वाद चिघळला, डिसेंबरात शेकडो मुलांना अटक झाली. मग 8 डिसेंबरला शिक्षकांच्या सभेनं 824 विरुद्ध 115 मतांनी ठराव केला : भाषणाच्या किंवा प्रचाराच्या आशयावर विद्यापीठानं बंधन घालू नये. कामकाजात अडथळा येऊ नये म्हणून वेळ, जागा आणि पद्धत यांचे रास्त नियम मात्र असावेत. मुलांची राजकीय मतं बरोबर आहेत, असं त्या ठरावात कुठेही नव्हतं. हाच धागा तुम्हाला धरता येईल.

पण त्या सभेत शेकडो जण होते आणि तुम्ही समितीत एकट्या आहात, प्रोबेशनवर आहात. घर चालवायचं असतं. मी इथे बसून तुम्हाला शौर्याचे धडे देणार नाही. तुमच्यापुढे तीन वाटा दिसतात. सही करून मोकळं व्हायचं. समितीतून नाव काढून घ्यायचं. किंवा बसायचं, नीट काम करायचं आणि पटलं नाही तर भिन्नमत लिहायचं.

दुसरी वाट सुरक्षित वाटते, आणि एका परिस्थितीत ती योग्यही आहे. त्या चित्राचा राग इतका खोल गेला असेल की या मुलांचं म्हणणं तुम्ही मोकळ्या मनानं ऐकूच शकणार नाही, तर तसं दोन ओळींत लिहून बाजूला व्हा. त्यात कमीपणा काही नाही. पण निव्वळ भीतीपोटी बाजूला झालात, तर त्या खुर्चीत अहवाल न वाचता सही करणारं कुणी येईल.

मी तिसऱ्या वाटेच्या बाजूची आहे, कारण ती वाटते तेवढी धोक्याची नाही. तुमची भाषा पूर्णपणे प्रक्रियेची ठेवा. ‘अभिव्यक्तीची गळचेपी’ असले शब्द भिन्नमतात नकोत. ‘आरोप क्रमांक एकमध्ये कृती, वेळ व ठिकाण नमूद नाही. त्यामुळे विद्यार्थ्यांस बचावाची वाजवी संधी मिळालेली नाही. सबब हा आरोप सिद्ध मानता येत नाही’ असं कोरडं, सरळ लिहा. ज्यांचं व्यंगचित्र काढलं, त्यांच्याच कार्यालयातून समिती नेमली गेली असेल आणि शिक्षेवर शेवटची सहीही त्यांचीच असेल, तर चित्राचा आरोप दुसऱ्या अधिकाऱ्याकडे सोपवावा अशी शिफारस करा. आपल्याच प्रकरणात आपण निवाडा करू नये, हे तत्त्व कोणत्याही कुलसचिवांना माहीत असतं. प्रत्येक बैठकीचं इतिवृत्त मागा आणि तुमचे मुद्दे त्यात आलेत का ते पाहा. चौकशी चालू असताना मुलांना खासगीत भेटू नका, कागद बाहेर देऊ नका, सहकाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक शब्द लिहू नका. उद्या तुमच्यावर बोट दाखवायचं ठरलं तर पहिलं कारण तिथेच सापडेल. शिक्षक संघटनेतल्या एखाद्या ज्येष्ठ, विश्वासू माणसाला तुम्ही समितीवर आहात एवढं सांगून ठेवा, तपशील नकोत. एवढं करूनही त्रास होऊ शकतो. होणार नाही असं वचन मी देऊ शकत नाही.

हे सदर वाचणाऱ्या विद्यार्थ्यांनो, तुमच्या हातात अशी नोटीस आली तर मुदतीत आणि लेखी उत्तर द्या. आरोप मोघम असेल तर आधी तपशील आणि तक्रारीची प्रत मागा. जे केलं ते मान्य करा, जे केलं नाही त्याची माफी लिहून देऊ नका, आणि ‘यापुढे कोणत्याही आंदोलनात भाग घेणार नाही’ अशा हमीपत्रावर कुणाला न विचारता सही करू नका. फोनमधले व्हिडिओ आणि पोस्ट घाबरून पुसू नका. त्याच तुम्ही कुठे होता आणि कुठे नव्हता हे दाखवतील. सुनावणीला कुणाला तरी बरोबर नेता येईल का, विचारा. अपील कुणाकडे आणि किती दिवसांत करायचं, हे निकाल येण्याआधीच माहीत करून घ्या. पालकांना एवढंच म्हणेन, मुलाला दामटून माफीनामा लिहून घ्यायच्या आधी नोटीस स्वतः वाचा.

ताई, तुमची पहिली बैठक पुढच्या आठवड्यात आहे असं लिहिलं आहे. त्याआधी समितीच्या अध्यक्षांना एक छोटं पत्र द्या. दोन्ही दिवसांच्या मूळ तक्रारी, सहा जणांपैकी प्रत्येकावर ठेवलेला वेगळा आरोप, ज्या नियमाखाली कारवाई चालली आहे त्याचा क्रमांक, आणि कॅमेऱ्याचं चित्रण जपून ठेवण्याची विनंती एवढं त्यात मागा. पत्राची पोच घ्या आणि ती घरी ठेवा. बैठकीत विभागप्रमुखांनी एकमताचा विषय काढला, तर आधी ही कागदपत्रं पाहू या म्हणा.